वाचून न दाखवलेलं सदर

बायकांनी मनातलं बोलावं, हे सांगण्यावर मी अठरा वर्षं पोट भरलं. सभांमधून सांगितलं, मुलाखतींतून सांगितलं, एकदा विमानात शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगितलं. तिने बिचारीने फक्त पाण्याची बाटली उघडून मागितली होती. आणि माझी स्वतःची मुलगी माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही. आज फार उकडतंय. बाबांची शुगर कशी आहे. कामवाली आली का. संपलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

हे लिहायला बसण्याआधी मी तिला विचारलं. फोनवर ती म्हणाली, "लिहायचंच असेल तर तुझी फजिती लिही. माझी नको." लिहून झाल्यावर फोनवरच तिला सगळं वाचून दाखवलं. तीन ठिकाणी ती म्हणाली, "हे काढ." काढलं. का, ते विचारलं नाही. एवढी अक्कल यायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आमच्या ह्यांची केंद्र सरकारची नोकरी. नाशिकहून कलकत्त्याला बदली झाली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मी नाशिकला एका दैनिकाच्या महिला पुरवणीत उपसंपादक होते. पाककृती, वाचकांची पत्रं, सणासुदीचे विशेषांक. फार थोर काम नव्हतं, पण माझं होतं. सॉल्ट लेकच्या सरकारी क्वार्टरमध्ये सामान लावून झालं आणि माझ्या लक्षात आलं की ह्या एवढ्या मोठ्या शहरात मराठी लिहिणाऱ्या बाईची कुणालाही गरज नाही. शेजारणी चांगल्या होत्या, वाटीतून काहीबाही पाठवायच्या, पण बोलायचं कशात? माझं हिंदी नाशकातलं, त्यांचं हिंदी बंगालीतलं. दोघी हसायचो आणि आपापली दारं लावून घ्यायचो. दुपारी दोनच्या पुढे तर सगळा मोहल्ला झोपायचा. मी पोरीच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि पोरगी माझ्या.

अशाच एका दुपारी मी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या एका पानावर मराठीत लिहायला सुरुवात केली. पहिलं जे लिहिलं ते सांगायला मुलीची परवानगी आहे. ती रोज पोळी संपवून ताटली दाखवायची आणि मी कौतुक करायचे. एके दिवशी बाल्कनीतल्या तुळशीला मुंग्या का लागल्या म्हणून माती उकरली तर आत पोळ्यांचे तुकडे, अगदी थर लावून. मी तिला लेखात "बाईसाहेब" म्हटलं. जळगावच्या एका बाईंनी लिहिलं, माझा मुलगा कपाटामागे टाकतो. साताऱ्याच्या एकीने लिहिलं, मी स्वतः टाकायचे. मला इतकं हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की विचारू नका. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं होतं.

मग काय, बाईसाहेबांनी आज काय केलं, हे अनोळखी बायका रोज विचारायला लागल्या. मी रोज सांगायला लागले. त्यातून पुढे मोठी साइट झाली, सेक्टर फाइव्हमध्ये एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस झालं, महाराष्ट्रभर घरी बसून लिहिणाऱ्या बायका झाल्या. कायद्याचा सल्ला, आजारपणं, पाककृती, सगळं होतं. "कलकत्त्यात बसून मराठी बायकांचं काम!" असं म्हणत लोक तोंडात बोटं घालायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? सत्कार, शाली, नारळ. शालींनी एक आख्खं कपाट भरलं. आमचे हे म्हणायचे, "आता एक दुकान काढ शालींचं."

पण ज्याचा मला खरा अभिमान होता ते वेगळंच होतं. आमच्याकडे बायका फोन करून स्वतःची गोष्ट सांगायच्या. नवऱ्याची, सासरची, नोकरीतल्या साहेबाची, कुणाची आजाराची. ती गोष्ट आम्ही लिहायचो, नावगाव बदलायचो. आणि माझा नियम असा होता की लिहून झाल्यावर ती त्या बाईला फोनवर वाचून दाखवायची. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. ती "हं, जाऊ दे आता" म्हणाली की मगच छापायची. नाही म्हणाली तर कागद फाडायचा, मग तो कितीही चांगला उतरलेला असो. एका बाईने माझं सगळ्यात आवडतं वाक्य काढायला लावलं होतं. आठवडाभर मला चुटपुट लागली, पण काढलं. नवीन मुली कंटाळायच्या. म्हणायच्या, "मॅडम, ह्यात फार वेळ जातो." मी अशी काही तुटून पडायचे त्यांच्यावर! "बाईने विश्वासाने दिलंय ते. ती काय दुधी भोपळा आहे, आणला आणि चिरला?"

आणि बाईसाहेबांचं सदर मी बाईसाहेबांना एकदाही वाचून दाखवलं नाही.

का नाही, ह्याची दोन कारणं होती, दोन्ही आता सांगताना लाज वाटते. एक म्हणजे, स्वतःच्या पोटच्या पोरीला कसलं विचारायचं! तिची आजारपणं माझी, तिची शाळा माझी, तिचे हट्ट माझे, मग तिच्या गोष्टी कुणाच्या? हे मी कधी शब्दांत म्हटलं नाही, पण मनात ते पक्कं होतं.

दुसरं कारण कलकत्त्याचं. इथे मराठी म्हणजे घराच्या आतली भाषा. दाराबाहेर पाऊल टाकलं की ती कुणाला कळत नाही. ह्याची एक वाईट सवय लागते, ती इथे राहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. भाजीवाल्याच्या तोंडावर "हा लुटतोय, चला पुढे" म्हणायचं. लिफ्टमध्ये शेजारच्या बाईच्या साडीबद्दल तिच्या कानाशी बोलायचं. बसमध्ये नवऱ्याशी कडकडून भांडायचं आणि सगळ्या बसने आपली मजेत बाहेर बघायचं. मराठीत बोललं म्हणजे आपण एका खोलीत आहोत आणि दाराला कडी आहे, असं वाटायला लागतं. मुलगी वाढली ती बंगाली मैत्रिणींत, इंग्रजी शाळेत. घरी बोलायची ते मराठी मोडकंतोडकं. "मला भीषण भूक लागली" म्हणायची, बंगालीत खूपला भीषण म्हणतात म्हणून. मराठी पुस्तक तिने कधी हातात धरलं नाही. तेव्हा मी मराठीत लिहिते ते तिच्यापर्यंत पोचणारच नाही, हे मी गृहीतच धरलं. जग वाचेल, ती नाही वाचणार.

शाळेत तिला हिंदी होतं. हिंदी येतं म्हणजे अक्षरं तीच. हे मला, अक्षरांवर पोट असलेल्या बाईला, सुचू नये? कर्म माझं!

ती नववीत असताना जेवताना बापाला शब्दांचे अर्थ विचारायला लागली. "बाबा, घुमी म्हणजे काय?" हे सांगायचे, जी फार बोलत नाही ती. "बाबा, ओशाळणं म्हणजे काय?" "बाबा, बावळट म्हणजे स्टुपिडच ना?" आमचे हे खूश. मी तर हरखूनच गेले. कलकत्त्यात वाढलेली पोर आपणहून मराठी शिकतेय! आणि मी काय केलं असेल? त्याच्यावर लेख लिहिला. तिने विचारलेले सगळे शब्द एकापाठोपाठ लिहिले, प्रत्येकावर एक गंमत केली, आणि शेवटी लिहिलं की भाषा रक्तातून येते. बायकांनी डोक्यावर घेतला तो लेख. परदेशातल्या आयांनी तर रडून पत्रं लिहिली.

ते शब्द माझे होते. आदल्या महिन्याभरात मी तिच्याबद्दलच लिहिलेले. हे मला कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

त्याच्याही आधी, ती तेरा वर्षांची असताना, एक गोष्ट मी लिहिली होती. काय ते आता इथे परत लिहिणार नाही, तेच पाप दोनदा होईल. एवढंच सांगते की ती गोष्ट एखादी मुलगी न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून, हळूच आईला सांगते, त्यातली होती. मी ती समाजाच्या भल्यासाठी लिहिली. बायकांनी लाजू नये, मुलींनी लपवू नये, वगैरे. माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तो. त्याच्यावर मला बोलावणी आली, त्याच्यावर एक मोठा पुरस्कार मिळाला. आमचे हे तेव्हा फक्त एकदा म्हणाले होते, "तिला विचारलंस का गं?" मी फटकन म्हणाले, "तुम्ही तुमची ऑफिसातली टिपणं लिहा." ते परत काही बोलले नाहीत. हा माणूस एकदाच बोलतो आणि दर वेळी बरोबर बोलतो. त्याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आत्ताही येतो.

ती सतरा वर्षांची असताना इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत ते फुटलं. दुपारची आरती झाली होती, ती आणि तिच्या कॉलेजातली दोन मुलं, एक मुलगी, सगळे मिळून प्रसाद वाटत होते. पुण्याहून नुकत्याच बदलून आलेल्या एक बाई माझ्याशी बोलत होत्या, अगदी भारावून. मी कौतुकाने म्हणाले, "ती बघा आमची मुलगी." बाई तरातरा तिच्यापाशी गेल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "अय्या! ह्याच का त्या बाईसाहेब! अगं, तुझं ते वाचून आमच्या घरात आम्ही सगळे..." आणि त्यांनी ती तेराव्या वर्षाची गोष्ट सांगितली. मराठीत सुरू केली, पण बरोबरच्या मुलांकडे बघून, त्यांनाही कळावी म्हणून, हिंदीत पुरी केली. बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटलं, ही तर सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. होतीच ती.

मुलीने हसून त्यांना प्रसाद दिला. मोदक नीट हातावर ठेवला. मग ताट खाली ठेवलं आणि चप्पल घालून निघाली.

मी घरी पोचले तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी घाईघाईने म्हणाले, "अगं, त्या बाईला काही पोच नाही, तू मनावर घेऊ नकोस."

"आई, मी नववीपासून वाचते," ती म्हणाली. "सगळं. आधी एका लेखाला तीन दिवस लागायचे. आता पटापट येतं."

ती पुढे म्हणाली, "घुमी. ओशाळवाणी. बावळट. मी बाबांना अर्थ विचारले, तर तू त्याच्यावरपण लिहिलंस. मला वाटलं होतं तुला कळेल. म्हणून तर मी तुझ्यासमोर विचारायचे."

किती महिने पोर जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर माझेच शब्द ठेवत होती, आणि मी त्याचा लेख केला!

"सगळं काढ," ती म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि काहीतरी वाट निघाली असती. आमच्या घरात भांडण म्हणजे माझं राज्य. ती शांतपणे म्हणाली, "माझ्यावरचं सगळं काढून टाक, एवढंच कर."

"काढते," मी म्हणाले.

नाही काढलं.

तेराव्या वर्षाचा तो लेख त्याच दिवशी झाकला, एवढं खरं. बाकीच्यांच्या बाबतीत म्हटलं, दोन महिने जाऊ देत. कारण तेव्हा मुंबईची एक कंपनी साइट विकत घ्यायची बोलणी करत होती आणि त्यांना सगळ्यात जास्त हवं होतं ते बाईसाहेबांचं सदर. जुनं सगळं, पहिल्यापासूनचं. मी स्वतःची समजूत घातली. हे पैशासाठी नाही, माझ्याबरोबरच्या बायकांच्या नोकऱ्यांसाठी आहे. त्यात थोडं तथ्य होतंही. पण खरं सांगू? मला ते सदर काढवत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी जे काही केलं त्यातलं सगळ्यात चांगलं ते होतं. सगळ्या शाली त्याच्या होत्या. कुणी आपला हात कापून दे म्हटलं तर माणूस म्हणतं ना, थांब जरा, ह्यावर विचार करू.

कागदांवर सह्या झाल्या आणि सदर कंपनीचं झालं. मग काढायचा हक्कच माझा राहिला नाही. आम्ही झाकलेला लेखही त्यांनी परत उघडला. वर त्यांनी एका नटीकडून सगळे लेख वाचून घेतले आणि ते लोकांना कानांनी ऐकायला मिळायला लागले. नटी छान वाचायची. बाईसाहेबांचं मोडकं मराठी तिने असं काही उचललं होतं की पहिल्यांदा ऐकताना मी हसले. मग मागे बघितलं तर दारात मुलगी उभी होती.

ती पुढच्या शिक्षणाला कलकत्त्याबाहेर गेली. तिथून फोन करायची, रविवारी, बरोबर दहा मिनिटं. हवापाणी तेव्हापासूनचं. मी खूप प्रयत्न केले. चिडले, रडले, मोठमोठी पत्रं लिहिली. पत्रं तर लिहायलाच नको होती, हे नंतर कळलं. एकदा तिने कुठल्याशा मित्राबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि लगेच म्हणाली, "हे आपल्यातच हं." मी म्हणाले, "अगं, म्हणजे काय!" त्याच्यापुढे त्या मित्राचं नाव तिने काढलं नाही. पुढे तिने लग्न केलं ते त्याच्याशीच. बागबाजारचा बंगाली मुलगा, सज्जन, हळू बोलणारा. ती परत कलकत्त्यात आली, नोकरी सेक्टर फाइव्हमध्ये. माझ्या घरापासून ऑटोने दहा मिनिटं. वाटलं, आता होईल सगळं सुरळीत.

लग्नाच्या थोडं आधी मुंबईच्या कंपनीने बायकांचा विभागच बंद केला. एके दिवशी मी पत्ता टाकला तर पानच उघडेना. अठरा वर्षं, एका दिवसात गेली. दोन दिवस मी अंथरुणातून उठले नाही. तिसऱ्या दिवशी मुलीला फोन केला. आवाजात जरा दिमाख होता माझ्या, जणू मीच काही मोठा त्याग केला होता. "बघ बाई, सगळं गेलं. आता तुझ्यावरचं एक अक्षर कुठे नाही."

"तू काढलंस?" तिने विचारलं.

"बंद पडलं," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. मग विचारलं, बाबांची शुगर कशी आहे.

ह्या वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी मी तिळाच्या वड्या घेऊन बागबाजारला गेले. न कळवता गेले, कारण कळवलं की ती म्हणते, "तू कशाला त्रास घेतेस, मीच येते," आणि मग येत नाही. बसने श्यामबाजार, तिथून चालत. मुलगी आणि जावई बाजारात गेले होते. विहीणबाईंनी हाताला धरून आत नेलं. त्यांच्यात विहिणीला बेयान म्हणतात, त्या मला बेयान म्हणतात, मीही त्यांना म्हणते. त्यांनीही सणाचं केलं होतं, नारळ आणि खजुराचा गूळ भरलेल्या तांदळाच्या घड्या. पुढ्यात बशी ठेवून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"आता बरं आहे ना तुम्हाला, बेयान?" त्या त्यांच्या बंगाली-हिंदीत म्हणाल्या. "नोव्हेंबरात काय तो ताप धरून बसलात! पोरगी दवाखान्यात होती चार दिवस, आणि आईला नेमका तेव्हाच ताप. मी म्हटलं फोन तरी करू, तर ती म्हणाली, नको, आई उठून येईल. सारखी दाराकडे बघायची हो."

मला नोव्हेंबरात ताप आला नव्हता. नोव्हेंबरात मी ठणठणीत होते, दिवाळीचा फराळ करून बेयानांच्याच घरी डबा पाठवला होता. मुलगी दवाखान्यात होती हे मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होते. हातातली घडी मी बशीत परत ठेवली. पण त्या माऊलीसमोर काय बोलणार? "हो," मी म्हणाले, "फार अशक्तपणा आला होता." न आलेल्या तापाचं सगळं वर्णन केलं मी. घाम, अंगदुखी, तोंडाची चव. आयुष्यभर बायकांना खरं बोला म्हणून सांगणारी मी.

मुलगी आली. मला बघितलं, सासूकडे बघितलं, आणि तिला कळलं. पिशवी ठेवून ती मला वर त्यांच्या खोलीत घेऊन गेली. दार लावलं.

"मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला होता. "सासूला सांगतेस, आईला सांगत नाहीस? मी मेले होते का?"

ती पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करायला लागली. दोन टॉवेल झाले. मग म्हणाली, "मला वाटलं तू लिहिशील."

"अगं, साइट बंद होऊन तीन वर्षं झाली! लिहिणार कशावर, भिंतीवर?"

"आई, तू कुठेही लिहिशील," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. एखाद्याला दमा आहे असं सांगावं तसं सांगितलं तिने.

मी पलंगाच्या कडेला बसले. मला खूप काही बोलायचं होतं आणि सगळ्यात आधी माफी मागायची होती. ती मी इतक्या वर्षांत कधी मागितली नव्हती. समजावलं होतं, रडले होते, कारणं दिली होती, पण "चुकलं माझं" हे दोन शब्द नाही. ते त्या दिवशी म्हणाले. तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि म्हणाले, "चुकलं गं माझं. तेव्हाही चुकलं, काढते म्हणून काढलं नाही तेव्हाही चुकलं."

ती माझ्याजवळ येऊन बसली, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. आणि तिने सांगायला सुरुवात केली. नोव्हेंबरात काय झालं ते. आपणहून, हळू आवाजात, त्या तिच्या मोडक्या मराठीत. किती वर्षांनी ती माझ्याशी अशी बोलत होती! काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. बाई गं, किती सोसलं होतं पोरीने, आणि एकटीने.

आणि ती सांगत असताना, तिचे डोळे भरलेले असताना, तिचा हात माझ्या हातात असताना, माझ्या डोक्यात पहिलं वाक्य तयार झालं. मी बोलावलं नव्हतं त्याला. आपोआप आलं. चांगलं होतं. त्याच्या पाठोपाठ दुसरंही आलं.

ती बोलता बोलता थांबली. माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "आई, काय चाललंय डोक्यात?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "बोल तू."

तिने माझ्या हातातून हात हळूच काढून घेतला, ओढणीने डोळे पुसले आणि उठली. "चल खाली, चहा घेऊ," म्हणाली. त्याच्यापुढचं काय झालं होतं, ते मला अजून माहीत नाही.